पोट आणि पोथी

1870च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून हिंडत होते. देवळाच्या ओवरीत बसायचे, पुराण सांगायचे, लोक पुढ्यात ठेवतील त्या दक्षिणेवर नि शिध्यावर पुढचे गाव गाठायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. धाकट्या रमेला आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकवले होते. अख्खे भागवत तिला मुखोद्गत होते. पण लोकांच्याच कणगीत दाणा उरला नाही तेव्हा पुराणाला कोण बसणार? वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग मोठी बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. पुढे पंडिता रमाबाईंनी या दिवसांविषयी लिहिले तेव्हा आडपडदा ठेवला नाही. भीक मागायला अभिमान आडवा येत होता, हलके काम करायला लाज वाटत होती, आणि प्रामाणिकपणे चार पैसे मिळवावेत कसे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते, असा त्याचा आशय आहे.

दुष्काळात अंगमेहनत करणारेही मेले. किंबहुना तेच अधिक मेले. त्यामुळे हाताला कसब असते तर डोंगरे कुटुंब तरले असते, असा सोपा हिशेब मांडता येत नाही. मला अस्वस्थ करते ते वेगळेच. जगण्याला अर्थ ज्ञानाने येतो यावर या घराइतका विश्वास क्वचितच कुणी टाकला असेल. अनंतशास्त्र्यांनी पुण्यात शिकत असताना आपले गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे पाहिले होते, आणि आपल्याही बायकोला शिकवायचे असे मनाशी ठरवले होते. त्यापायी त्यांनी नातलगांचा, गावाचा, शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला, गंगामूळच्या रानात बिऱ्हाड नेले, पण शिकवणे सोडले नाही. इतके मोठे धाडस करणाऱ्या माणसाला ज्ञानाचा नि भाकरीचा संबंध जोडावासा मात्र वाटला नाही. तो जोडायचा नसतोच, ही समजूत त्याच्याआधी कित्येक शतके मुरत आलेली होती.

या समजुतीचे खापर ज्ञानेश्वरांवर फोडता येईल का? 1290 साली नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढून बसले की तसे वाटेनासे होते. गीतेत ज्ञानाची लक्षणे अवघ्या पाच श्लोकांत आटोपतात. ज्ञानेश्वर त्यांच्यावर मुक्काम ठोकतात. अध्याय हजार ओव्या ओलांडून जातो. आणि ही लक्षणे आहेत तरी कोणती? मान न मिरवणे, दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा, स्थैर्य. यांत माहितीचा लवलेश नाही. अहिंसेचे वर्णन करताना ते ज्ञानी माणसाच्या चालण्याबोलण्यापर्यंत जातात. पाय टाकताना, हात उचलताना, नजर वळवताना तो किती जपतो ते सांगतात. ज्याला पुष्कळ येते तो ज्ञानी, असे हा अध्याय कुठेच म्हणत नाही. ज्याच्या असण्याने दुसऱ्याला ओरखडा उठत नाही, तो ज्ञानी. मराठीतली ज्ञानाची ही पहिली मोठी व्याख्या वर्तनाची आहे आणि ती देशी भाषेत, सगळ्यांसमोर मांडलेली आहे. ही व्याख्या सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांना आणि त्यांच्या भावंडांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला होता, असे परंपरा सांगते. ज्ञान असले म्हणून समाजात जागा मिळतेच असे नाही, हा अनुभव आपल्याकडे तितकाच जुना आहे.

तरी या व्याख्येतही पोट नाहीच. मोक्षाच्या वाटेवर भूक हा ओलांडून जायचा विषय. संतांपैकी बहुतेकांचे हात विटेवर, मातीत, सुईदोऱ्यात, तराजूत गुंतलेले होते, म्हणून त्यांच्यापुरता तो प्रश्न सुटलेला होता. ज्याचे हात रिकामे त्याचे काय?

त्याची सोय राज्याने केली. पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. दूरदूरहून ब्राह्मण येत. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांना मोठी रक्कम मिळे, बाकीच्यांना पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात थोडेथोडके. विद्येला राजाश्रय होता, हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. पण त्या विद्येने राज्याला काय परत दिले, ही पावती मागायची पद्धत नव्हती, आणि दक्षिणेचा पैसा ज्याच्या शेतसाऱ्यातून येई तो कुणबी त्या विद्येच्या वाऱ्यालाही उभा राहू शकत नव्हता. 1818 नंतर इंग्रजांनी दक्षिणेतला काही पैसा वळवून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे लोकहितवादी आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी मागणी केली की, दक्षिणा उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. पुण्यात केवढा गहजब! अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले महार-मांग तरुणांना घेऊन उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. ज्ञानावर कुणाचे पोट भरावे आणि त्या बदल्यात त्याने काय द्यावे, हा वाद आपल्याकडे असा रस्त्यावर आला.

त्याआधी 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले होते, आणि 1848पासून लोकहितवादींची पत्रे ‘प्रभाकर’मधून येऊ लागली होती. पाठांतराला विद्या म्हणू नका. जगात काय चालले आहे, यंत्रे कशी चालतात, राज्ये कशी बुडतात ते जाणून घ्या, असा त्यांचा धोशा. ज्ञानाचा रोख परलोकाकडून इहलोकाकडे वळला, त्याचे श्रेय यांना द्यायला हवे. तरीही ते बोलत होते ते शिकलेल्यांशीच. न शिकलेला माणूस त्यांच्या लेखनात बहुधा कीव करण्याचा विषय म्हणून येतो.

फुल्यांनी दिशाच उलटी केली. ‘तृतीय रत्न’ हे 1855चे नाटक. एक भटजी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो, नवराबायको कर्ज काढून अनुष्ठान करतात, आणि लुबाडले गेल्याचे उमगल्यावर शेवटी रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. हे नाटक त्यांनी त्याच दक्षिणेतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडेच धाडले होते. तिने ते नाकारले. नाटक म्हणून त्यात उणिवा आहेत, पण विचाराच्या इतिहासात त्याची जागा फार वरची आहे. शाळेत जायचे कारण त्यात प्रथमच इतके उघडे पडते: न कळण्याची किंमत रोख रकमेत मोजावी लागते. पुढे 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी विद्येच्या अभावापासून दारिद्र्यापर्यंतची साखळी मांडली. ती आता भिंतीभिंतीवर रंगवलेली दिसते, त्यामुळे तिच्याकडे नीट पाहिले जात नाही. विद्या आणि वित्त यांच्या मध्ये त्यांनी नीतीची कडी घातली आहे. निव्वळ कमाईसाठी शिकायचे असते तर ती गाळून चालले असते. ज्ञानेश्वरांच्या तेराव्या अध्यायाशी फुल्यांचे काही जुळते असे म्हटले तर दोन्हीकडचे अभिमानी माझ्यावर धावून येतील, पण ज्ञानाची खूण वर्तनात दिसली पाहिजे हा आग्रह दोघांचाही आहे. फरक एवढाच की फुल्यांनी त्या साखळीचे शेवटचे टोक शेतकऱ्याच्या चुलीला नेऊन बांधले. हा फरक लहान नाही.

1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तर ते अगदी रोखठोक आहेत. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर, हे त्यांचे पहिले गाऱ्हाणे. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी. आणि गावशाळेत काय शिकवावे? मोडी नि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीतीचे काही धडे. हा अभ्यासक्रम वाचताना जाणवते की, ज्याने तो आखला त्याने सावकाराच्या खतावर न वाचता उमटलेला अंगठा पाहिलेला आहे.

त्यांच्या शाळेतून काय निघाले, हे पाहायचे तर 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये आलेला मुक्ता साळवे हिचा निबंध वाचावा. मांग-महारांच्या दुःखाविषयी ही शाळकरी मुलगी लिहिते आणि पहिल्याच झपाट्यात धर्माला हात घालते: वेद आमचे नाहीत म्हणता, मग आमचा धर्म कोणता ते सांगा. अक्षरओळख होऊन फार काळ लोटला नव्हता. ज्ञानाने आयुष्याला अर्थ मिळतो असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे साधारणपणे शांत, तृप्त मुद्रा असते. मुक्तेला ज्ञानाने आधी संताप दिला. तो रास्त होता आणि तो मांडायला शब्द मिळणे हीच तिच्या शिक्षणाची मिळकत होती.

रमाबाईंकडे पुन्हा वळायला हवे, कारण दुष्काळातून वाचलेल्या त्या मुलीने पुढे जे केले त्याला मराठी विचारविश्वाने पुरेसे श्रेय दिलेले नाही. भावासोबत पायी हिंडत 1878 साली ती कलकत्त्याला पोचली, पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. येथे थांबली असती तर एका विदुषीचे कौतुक एवढेच उरले असते. तिने धर्मांतर केले आणि पुण्याने तिच्याकडे पाठ फिरवली. बहुतेक चरित्रचर्चा त्यावरच अडते. मला केडगावातले तिचे काम अधिक बोलके वाटते. 1896-97च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना गोळा करून घेऊन आली. शेकडोंनी. त्या मुलींसाठी तिथल्या मुक्तिसदनात वाचन-लेखन होतेच. जोडीला विणकाम, शिवण, तेलघाणा, गाईगुरे, शेती आणि छापखाना होता. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर करत होत्या, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या, ते छापणाऱ्या तिथल्याच मुली होत्या. ज्या घरात पोथी होती नि धंदा नव्हता, त्या घरच्या लेकीने पोथी आणि धंदा एकाच आवारात आणून बसवले. वडिलांचा हट्ट तिने टाकला नाही. त्यातली उणीव भरून काढली.

याच्या थोडे आधीपासून पुण्यात ज्ञानासाठी गरिबी पत्करण्याचा एक नवा आदर्श उभा राहत होता. आता मोठ्या पगाराची आशा सोड, पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून मी परहितात वेळ घालवणार आहे, अशा आशयाचे आगरकरांचे आईला लिहिलेले पत्र पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून सांगितले गेले. आईला काय वाटले हे मात्र कुणी विचारत नाही! लेकाच्या शिक्षणाकडे डोळे लावून बसलेल्या त्या बाईचे उत्तर आपल्या हाती असते, तर हा आदर्श थोडा कमी चकचकीत आणि अधिक खरा झाला असता. आगरकर 1895 साली चाळिशीही न गाठता गेले.

राजवाडे त्याहून टोकाचे. हाताने रांधून खायचे, गावोगावच्या वाड्यांतली दप्तरे धुंडाळायची, वाळवीच्या तोंडून कागद सोडवायचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड त्यातून झाले. ज्ञान हेच जगण्याचे प्रयोजन, त्याला दुसरे कारण नको, ही कल्पना मराठीत अशी देहधारी क्वचितच झाली. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन मराठीत ज्ञानकोश करायला घेतला. त्यासाठी त्यांनी चक्क कंपनी काढली, भागभांडवल उभारले, वर्गणीदार मिळवायला माणसे गावोगाव धाडली. 23 खंड पुरे झाले. केतकरांच्या हाती ओढगस्त उरली. या कामाचा इतिहासही त्यांनी लिहून ठेवला आहे, आणि मला तो ज्ञानकोशाइतकाच मोलाचा वाटतो. ज्ञान उभे करायला कागद, खिळे, पगार, टपालखर्च लागतो हे सांगायला त्यांना संकोच वाटला नाही.

या माणसांविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट बोलायला हवी. त्यांची गरिबी निवडलेली होती. नोकरीचे दार उघडे असताना ते आत गेले नाहीत, म्हणून तो त्याग. त्यांच्या उदाहरणावरून आपण जो नियम बनवला तो मात्र घातक ठरला: पोटासाठी शिकणारा तो कारकुंडा, ज्ञानासाठी शिकणारा तो थोर. ज्यांच्यापुढे दारच बंद होते त्यांना हा नियम लावणे क्रूर होते, आणि तो लावणारे बहुधा दोन वेळ जेवलेले असत.

भाऊराव पाटलांनी हा नियम बाजूला सारला. किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडलेले होते, शेतकऱ्याच्या घरात मूल शाळेत का जात नाही हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिले होते. 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, पुढे साताऱ्याला वसतिगृह. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि आपल्या शिक्षणापुरते श्रम करत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना नंतर कागदोपत्री आली. तिचे मूळ या मुलांच्या हातांतल्या घट्ट्यांत आहे. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही हकीगत सांगताना वक्त्यांचा आवाज कातर होतो. मला तिच्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो: मुलाला शिकवायचे तर आधी त्याला जेवायला घालावे लागते, आणि ते जेवण कुणीतरी आपल्या अंगावरून उतरवून देत असते. लक्ष्मीबाई शाळेच्या फळ्यापुढे कधी उभ्या राहिल्या नाहीत, तरी शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या रांगेत हवे.

इथपर्यंत एक गृहीत कायम होते. विद्या आली की पुढचे आपोआप येईल. या गृहीताला तडा गेला 1917 साली बडोद्यात. कोलंबियात शिकून आलेले भीमराव आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला हजर झाले, आणि त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर राहिले. तिथला एकांत आणि अंधार विसरायला ते वाचत बसत, असे त्यांनीच लिहिले आहे. काही दिवसांत काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर काढले. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांत बुडून आलेला माणूस एका बागेत बसून राहिला, कारण त्या शहरात त्याच्या विद्वत्तेला जात होती.

फुल्यांच्या साखळीत विद्येपासून वित्तापर्यंत वाट सरळ होती. आंबेडकरांनी पाहिले की वाटेत माणसे उभी असतात. म्हणूनच त्यांच्या सांगण्यात शिकण्याला लागूनच संघटना आणि संघर्ष येतात. एकटी विद्या ते कधी पुरेशी मानत नाहीत. 1954 साली मुंबईतल्या भाषणात त्यांनी आपली उपास्य दैवते सांगितली ती विद्या, स्वाभिमान आणि शील. पुन्हा तीच नीतीची कडी! स्वतःपुरते पाहिले तर पुस्तकाचे वेड त्यांच्याइतके कुणाला नव्हते. दादरला ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. पण 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय काढताना त्यांनी तासांची वेळ सकाळची ठेवली, नोकरी करणाऱ्या गरिबाला शिकून कामावर जाता यावे म्हणून. वेळापत्रकात इतके तत्त्वज्ञान भरलेले मी दुसरे पाहिलेले नाही.

त्या वेळापत्रकाच्या पुढच्या पिढीने जे लिहिले, ते वाचून या कल्पनेची आणखी एक घडी उलगडते. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली आले. त्यात शिकून शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार एकमेकांशी बोलतात. एकाच माणसाचे दोन तुकडे. शिक्षणाने त्याला पोट दिले, भाषा दिली, आणि आपल्याच वस्तीत उपरा करून टाकले. ‘ज्ञानाने जीवन समृद्ध होते’ छापाच्या भाषणांत हा तुटलेपणा कधी येत नाही. शिकलेल्या माणसाला अर्थ मिळतो, मान्य. पण आई-बापाशी बोलायचे विषय संपतात त्याची भरपाई कोणत्या खात्यात धरायची? दलित आत्मकथनांनी हा प्रश्न लाज न बाळगता विचारला, आणि माझ्या मते ज्ञानाविषयी विसाव्या शतकात मराठीत झालेले सर्वांत कसदार चिंतन तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा या पुस्तकांत आहे.

आज पोट आणि पोथी यांची गाठ पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत पडते. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून मुले-मुली येतात, एका टेबलाच्या भाड्यावर नि मेसच्या डब्यावर वर्षे काढतात. त्यांच्या नोट्समध्ये वर आलेली सगळी माणसे आहेत. ज्ञानकोशाचे खंड किती? हंटर आयोगापुढे निवेदन कोणत्या साली? फुल्यांचे उत्तर दोन गुणांना. यावर हसणे सोपे आहे आणि पुष्कळ विद्वान हसतातही. मला हसू येत नाही. बापाने जमीन गहाण टाकून पाठवलेल्या मुलीला ज्ञानाचे प्रयोजन ठाऊक नाही असे कोण म्हणेल? तिला ते आपल्यापेक्षा नेमके ठाऊक आहे. अडचण जागांची आहे. जागा मूठभर, बसणारे लाखांनी. पूर्व निघते, मुख्यला कटऑफ हुकतो, वय निघून जाते, आणि मग ‘प्लॅन बी’ नसल्याचा दोष तिच्याच माथी येतो.

ती गावाकडे परतते तेव्हा तिला काय येत असते? सातबारा कसा वाचायचा, फेरफार कुठे अडतो, ग्रामसभेला कोणते अधिकार आहेत, आपल्या तालुक्यातली माती कसली आणि पाणी किती खोल गेले, माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करायचा. 1882 साली फुल्यांनी गावशाळेसाठी जे मागितले होते त्याच्या जवळपास जाणारे हे सगळे. तलाठ्याकडे कुणाचा कागद अडला की शेजारपाजारचे तिलाच हाक मारतात. पण या कामाला हुद्दा नाही, पगार नाही. म्हणून लग्नाच्या बायोडेटात ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे तिचा भाऊ अजूनही ‘एमपीएससीची तयारी चालू’ असेच लिहितो.